एक हजार फुटांचा भरवसा

१९९६ साली लक्ष्मीपूजन १० नोव्हेंबरला, रविवारी होते. त्यानंतर दोनच दिवसांनी, मंगळवारी संध्याकाळी ६ वाजून ३२ मिनिटांनी सौदी अरेबियाचे एक बोइंग ७४७ दिल्लीहून उडाले. विमानात ३१२ माणसे होती. त्यांतली बरीच आखातात रोजगारासाठी निघालेली होती. त्याच सुमाराला कझाकस्तानातल्या चिमकेंट शहरातून आलेले इल्युशिन-७६ जातीचे विमान दिल्लीला उतरण्यासाठी खाली येत होते. त्यात ३७ माणसे होती. दोन्ही विमाने एकाच हवाई वाटेवर समोरासमोर होती, एक चढणारे आणि एक उतरणारे. दिल्लीच्या नियंत्रकाने सौदी विमानाला १४ हजार फुटांवर आणि कझाक विमानाला १५ हजार फुटांवर राहायला सांगितले होते. म्हणजे ती एकमेकांच्या डोक्यावरून आणि पायाखालून जाणार होती. मधे एक हजार फूट मोकळी हवा.

कझाक विमानाने १५ हजार फुटांवर पोहोचल्याचे कळवले. नियंत्रकाने त्याला समोरून सौदी विमान येत असल्याचे सांगितले, अंतर सांगितले, दिसले की कळवा असेही सांगितले. ६ वाजून ४० मिनिटांच्या सुमारास रडारच्या पडद्यावर दोन ठिपके एकमेकांवर आले. तसे ते येणारच होते. पण त्यानंतर ते वेगळे होऊन पुढे सरकले नाहीत. इस्लामाबादहून दिल्लीकडे येणाऱ्या एका अमेरिकी लष्करी मालवाहू विमानातल्या वैमानिकांनी त्याच वेळी ढग आतून नारिंगी उजेडाने पेटल्यासारखा पाहिला आणि तसे कळवले. हरियाणातल्या चरखी दादरी परिसराच्या शेतांत दोन्ही विमानांचे अवशेष पडले. ३४९ माणसे गेली. हवेत झालेल्या टकरींत इतके बळी आजवर दुसऱ्या कुठल्याही अपघाताने घेतलेले नाहीत. या १२ नोव्हेंबरला त्या घटनेला तीस वर्षे पूर्ण होतील.

मी तेव्हा विशीत होतो आणि कुर्ल्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या एका दुकानात काम करत होतो. वारा पश्चिमेचा असला की घाटकोपर-कुर्ल्यावरून विमाने सांताक्रूझला उतरतात, त्यामुळे दिवसभर डोक्यावर घरघर असायची. आमच्या गल्लीतल्या एका मावशींचा मुलगा काही महिन्यांपूर्वीच आखातात गेला होता. तो सुखरूप होता, पण दादरीची बातमी ऐकल्यापासून त्यांच्या मनाला स्वस्थता नव्हती. दुकानाच्या पायरीशी उभ्या राहून त्यांनी मला विचारले, ‘‘अरे, एवढं मोठं आभाळ. त्यात ह्या दोघांना एकमेकांच्याच वाटेवर यायचं होतं का?’’ रेडिओतले मला चार गोष्टी कळत होत्या, म्हणून त्यांना वाटले हेही मला ठाऊक असेल. मला उत्तर देता आले नाही. पुढे विमान अपघातांचे चौकशी अहवाल मिळतील तसे वाचण्याचा जो नाद लागला, त्याची सुरुवात त्या पायरीवर आहे. मी वैमानिक नाही, अभियंताही नाही. जे वाचून समजले ते मावशींना सांगावे तशा भाषेत इथे मांडतो आहे.

मोठे आभाळ, अरुंद वाटा

मावशींच्या प्रश्नाचा पहिला अर्धा भाग बरोबर होता. आभाळ मोठे आहे. दोन विमाने वाटेल तशी, वाटेल तिकडे उडत असती तर त्यांची गाठ पडण्याची शक्यता फार थोडी. पण विमाने तशी उडत नाहीत. ती ठरलेल्या वाटांनी जातात, आणि सगळ्या वाटा शेवटी चार-दोन किलोमीटरच्या धावपट्टीशी येऊन मिळतात. यात्रेच्या दिवशी मैदान कितीही मोठे असले तरी चेंगराचेंगरी दाराशीच होते, तसे विमानतळाच्या आसपासचे आभाळ असते. त्यात आणखी एक अडचण. वर, लांबच्या प्रवासात विमान तासन् तास एकाच उंचीवर असते. विमानतळाजवळ मात्र प्रत्येक विमान चढत तरी असते किंवा उतरत तरी असते, म्हणजे दुसऱ्यांच्या उंच्या छेदत असते.

सुधारणेमुळे हा धोका एका अर्थाने वाढतो. दिशा दाखवणारी यंत्रे ढोबळ होती तेव्हा एकाच वाटेवरची दोन विमाने मैल-दोन मैल इकडेतिकडे भरकटलेली असायची. यंत्रे अचूक होत गेली तशी दोन्ही विमाने वाटेच्या बरोबर मध्यरेषेवर येऊ लागली. उंचीच्या बाबतीत चूक झाली तर बाजूला सुटून जायला जागा उरली नाही.

दिल्लीची वाट तर त्या वेळी फारच अरुंद होती. आसपासचे बरेचसे आकाश हवाई दलासाठी राखीव असल्याने येणाऱ्या आणि जाणाऱ्या नागरी विमानांना एकच मार्ग वापरावा लागे. रस्त्यावर जशी दोन्ही बाजूंची वाहतूक एकाच पट्ट्यातून सोडावी, तसे. फरक इतकाच की इथे एकाने दुसऱ्याच्या वरून जायचे होते. सारी भिस्त त्या एक हजार फुटांवर होती.

बघून चालवणे

समोरून काही येत असेल तर बघून बाजूला व्हावे, हा रस्त्यावरचा साधा नियम. विमानांच्या पहिल्या पन्नास वर्षांत आकाशातही मुख्यतः हाच नियम होता. ३० जून १९५६ रोजी लॉस एंजेलिसहून काही मिनिटांच्या अंतराने निघालेली दोन प्रवासी विमाने अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यनवर २१ हजार फुटांवर एकमेकांवर आदळली. १२८ माणसे गेली. त्या भागात नियंत्रकांची देखरेख नव्हती. वैमानिकांनी एकमेकांना बघून सांभाळून घ्यावे अशी अपेक्षा होती. या अपघाताने अमेरिका हादरली आणि १९५८च्या कायद्याने तिथे विमान वाहतुकीसाठी स्वतंत्र केंद्रीय यंत्रणा उभी राहिली.

बघणे अपुरे का पडते, याचे गणित सोपे आहे. दोन विमाने समोरासमोर येताना त्यांच्यातले अंतर ताशी ९०० किलोमीटरने कमी होते आहे असे धरू. म्हणजे सेकंदाला २५० मीटर. समोरची वस्तू नजरेस पडणे, ते विमान आहे हे ओळखणे, ते आपल्यावर येते आहे हे उमजणे, कुठे वळायचे ते ठरवणे, हात हलवणे आणि शेवटी विमान प्रत्यक्ष वळणे या सगळ्याला मिळून साडेबारा सेकंद लागतात, असे अमेरिकी विमान प्रशासनाने वैमानिकांना दिलेल्या मार्गदर्शनात म्हटले आहे. साडेबारा सेकंदांत तीन किलोमीटरहून थोडे जास्त अंतर संपते. एवढ्या अंतरावरचे विमान काचेवर एका डागाएवढे दिसते.

शिवाय डोळ्याचा एक स्वभाव या कामी आड येतो. आपले लक्ष हलणाऱ्या वस्तूकडे जाते. पण जे विमान सरळ आपल्यावर आदळणार आहे, ते काचेवर हलत नाही. दोघेही आपापल्या वेगाने आणि दिशेने सरळ जात असतील तर ते काचेच्या एकाच बिंदूवर चिकटल्यासारखे राहते आणि फक्त मोठे होत जाते. बराच वेळ ते वाढणे जाणवत नाही, आणि शेवटच्या काही सेकंदांत एकदम फुगते. जे हलताना दिसते त्याच्यापासून सहसा धोका नसतो. ज्याच्यापासून धोका आहे तेच नजरेतून निसटते.

आणि दिसले तरी पुरत नाही. २५ सप्टेंबर १९७८ रोजी अमेरिकेतल्या सॅन डिएगो विमानतळावर उतरणाऱ्या बोइंग ७२७च्या वैमानिकांना नियंत्रकाने समोरच्या एका छोट्या सेसना विमानाबद्दल सावध केले. त्यांनी ते पाहिल्याचे सांगितले आणि त्याच्यापासून दूर राहण्याची जबाबदारी घेतली. थोड्या वेळाने ते दिसेनासे झाले, तेव्हा ते मागे पडले असावे अशी त्यांनी समजूत करून घेतली. ते खाली, पुढेच होते. १४४ माणसे मेली. त्यांतली ७ जमिनीवर, आपल्या वस्तीत होती.

उंची हाही एक संकेत

डोळ्यांवर विसंबता येत नाही म्हणून मग नियम आले. पहिला नियम उंचीचा. साधारणपणे पूर्वेकडच्या दिशांना जाणारी विमाने विषम हजारांवर उडतात, म्हणजे १३, १५, १७ हजार फूट. पश्चिमेकडे जाणारी सम हजारांवर, १४, १६, १८. दादरीच्या संध्याकाळी पश्चिमेला निघालेल्या सौदी विमानाला १४ आणि पूर्वेकडे येणाऱ्या कझाक विमानाला १५ हजार फूट मिळाले, ते याच पद्धतीला धरून.

आता ही उंची मोजायची कशी? विमानातला उंचीमापक हवेचा दाब मोजतो आणि त्यावरून उंची सांगतो. पण हवेचा दाब गावागावांत आणि तासातासाला बदलतो. म्हणून ठरावीक उंचीच्या वर गेल्यावर जगातली सगळी विमाने आपला उंचीमापक एकाच आकड्यावर लावतात, १०१३.२ मिलिबार. खालच्या गावातला खरा दाब तेवढा असो वा नसो. त्यामुळे सगळ्यांची उंची थोडी चुकते, पण सारखीच चुकते, आणि दोघांमधले अंतर शाबूत राहते. म्हणजे ज्याला आपण १४ हजार फूट म्हणतो ती जमिनीपासून मोजलेली लांबी नाहीच. तो सर्वांनी मिळून पाळलेला एक संकेत आहे.

या संकेतावर माणसाचा विश्वास इतका वाढला की फार उंचावर, २९ हजार फुटांच्या वर, विरळ हवेत उंचीमापक चुकण्याच्या भीतीने पूर्वी दोन हजार फुटांचे अंतर ठेवत, तेही चांगली उपकरणे आल्यावर एक हजारावर आणले. भारतात हा बदल २००३ मध्ये झाला. त्यामुळे तेवढ्याच आकाशात जास्त विमाने मावू लागली.

दुसरा नियम आडव्या अंतराचा. उंची सारखी असेल तर रडारच्या देखरेखीखाली दोन विमानांत साधारण पाच सागरी मैल, विमानतळाजवळ तीन सागरी मैल अंतर राखतात. दोन्हींपैकी एक अंतर कायम हवे. दोन्ही एकदम कमी झाली की नियंत्रकाच्या भाषेत ती गंभीर घटना, मग कुणाला खरचटलेले नसले तरी.

ठिपक्याला उंची नसते

मग दादरीला नियंत्रकाच्या हे लक्षात का आले नाही? कारण त्याच्या रडारला उंची कळत नव्हती. जुन्या पद्धतीचे, म्हणजे प्राथमिक रडार लहरी सोडते आणि विमानावर आपटून आलेला प्रतिध्वनी टिपते. त्यातून दिशा आणि अंतर कळते, उंची नाही. दुय्यम रडारची तऱ्हा वेगळी. ते विमानाला प्रश्न विचारते आणि विमानातला ट्रान्सपाँडर नावाचा संच त्याला आपली खूण आणि उंची कळवतो. पडद्यावर ठिपक्याशेजारी आकडा उमटतो. दिल्लीत असे नवे रडार बसवण्याचे काम तेव्हा चालू होते, पण ते वापरात आले नव्हते. नियंत्रकाला उंची कळायची ती फक्त वैमानिकाच्या तोंडून. वैमानिक म्हणाला १५ हजार, तर १५ हजार.

आणि कझाक विमान १५ हजारांवर थांबले नाही. ते हळूहळू खाली घसरत राहिले. त्या विमानात नियंत्रकाशी बोलण्याचे काम वेगळ्या माणसाचे, रेडिओ ऑपरेटरचे होते. इंग्रजीत आलेला आदेश त्याने ऐकायचा आणि वैमानिकांपर्यंत पोहोचवायचा. त्याच्यासमोर स्वतःचा उंचीमापक नव्हता. वैमानिकांच्या खांद्यांवरून वाकून बघावे लागे. सोव्हिएत परंपरेत वाढलेल्या वैमानिकांना उंची मीटरमध्ये मोजायची सवय, आणि आदेश फुटांत. अगदी शेवटच्या क्षणांत रेडिओ ऑपरेटरच्या लक्षात आले की आपण १५ वर असायला हवे आणि १४ वर दुसरे कुणीतरी आहे. तो तसे म्हणाला, विमान वर उचलले जाऊ लागले, आणि त्याची शेपटी सौदी विमानाच्या डाव्या पंखात घुसली.

चौकशीसाठी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती आर. सी. लाहोटी यांचा आयोग नेमला गेला. लाहोटी पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले. कझाक बाजूने ढगांतल्या हादऱ्यांकडे बोट दाखवले होते. आयोगाने मात्र कझाक विमान दिलेली उंची सोडून खाली आले हेच मूळ कारण ठरवले, आणि त्यामागे इंग्रजीचे अपुरे ज्ञान व विमानातल्या माणसांमधला ढिला समन्वय असल्याचे सांगितले.

अहवाल वाचताना मला एक गोष्ट राहून राहून खटकते. दोष कझाक वैमानिकांचा, हे मान्यच आहे. पण ती चूक लक्षात आणून देणारे दुसरे कुणीच त्या व्यवस्थेत नव्हते. नियंत्रकाला उंची दिसत नव्हती, सौदी वैमानिकांना कसलीच कल्पना नव्हती आणि रेडिओ ऑपरेटरसमोर काटा नव्हता. एक माणूस चुकला तर चालून जाईल अशी रचना नसणे, हाच खरा दोष. अपघातानंतर ती रचना बदलली. दिल्लीत येण्याच्या आणि जाण्याच्या वाटा वेगळ्या केल्या गेल्या. दुय्यम रडार कामाला लागले. आणि भारतात ये-जा करणाऱ्या विमानांवर टक्कर टाळणारे यंत्र बसवणे सक्तीचे झाले. दादरीच्या दोन्ही विमानांत ते नव्हते.

यंत्रांची आपसातली बोलणी

या यंत्राचे पूर्ण नाव ट्रॅफिक कॉलिजन अव्हॉयडन्स सिस्टीम. बोलताना सगळे टीकॅस म्हणतात. त्यामागची मूळ कल्पना ग्रँड कॅन्यनच्या काळातली आहे. अमेरिकेतल्या बेंडिक्स कंपनीतले शास्त्रज्ञ जॉन मॉरेल यांनी असे मांडले की दोन विमानांत अंतर किती आहे यापेक्षा धडकायला वेळ किती उरला आहे हे पाहावे. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागले की तो वेळ मिळतो. मागून हळूहळू गाठणारे विमान दोन किलोमीटरवर असले तरी चिंता नसते. समोरून येणारे सहा किलोमीटरवर असले तरी हातात अर्ध्या मिनिटाहून कमी वेळ असतो.

कल्पना सोपी होती, पण यंत्र विमानांत बसायला तीस वर्षे आणि आणखी काही अपघात लागले. ३१ ऑगस्ट १९८६ रोजी लॉस एंजेलिसजवळच्या सेरिटोस गावावर मेक्सिकोचे डीसी-९ आणि एक छोटे पायपर विमान धडकले. ८२ माणसे गेली, त्यांतली १५ जमिनीवरची. पायपरमध्ये ट्रान्सपाँडर होता, पण तो उंची सांगणारा नव्हता. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने मोठ्या प्रवासी विमानांवर टीकॅस सक्तीचे करणारा कायदा केला.

टीकॅस काम करते ते असे. तुमच्या विमानातले यंत्र दर सेकंदाला आसपासच्या ट्रान्सपाँडरांना हाक मारते. उत्तर यायला लागलेल्या वेळावरून अंतर कळते आणि उत्तरातच उंची असते. धोका दिसला की धडकेच्या साधारण २० ते ४८ सेकंद आधी ते ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ असे बोलून सावध करते. तरीही जवळीक वाढत राहिली तर साधारण १५ ते ३५ सेकंद आधी सरळ आदेश देते. ‘क्लाइंब’, वर चढा. किंवा ‘डिसेंड’, खाली जा. डावीउजवीकडे वळा असे ते सांगत नाही, कारण दुसऱ्याची दिशा त्याला ढोबळच कळते आणि उंची मात्र नेमकी कळते. आदेश मिळाल्यावर वैमानिकाने पाच सेकंदांत हालचाल करावी अशी अपेक्षा असते.

खरी गंमत पुढे आहे. दोघांनाही ‘वर चढा’ असा आदेश मिळाला तर काय उपयोग? म्हणून दोन विमानांतली यंत्रे रेडिओवरून एकमेकांशी ठरवतात: मी वर जातो, तू खाली जा. दोघांनी एकाच वेळी एकच दिशा निवडली, तर प्रत्येक विमानाला मिळालेला जो वेगळा संकेतांक असतो तो पाहिला जातो आणि ज्याचा संकेतांक मोठा, ते यंत्र माघार घेऊन उलटी दिशा निवडते. बोळात समोरासमोर आलेली दोन माणसे एकाच बाजूला सरकत राहतात आणि हसतात. आकाशात तसे व्हायला नको म्हणून कुणी माघार घ्यायची हे आधीच लिहून ठेवले आहे.

यातून दोन गोष्टी ध्यानात येतात. दुसऱ्याचा ट्रान्सपाँडर बंद असेल तर तुमचे यंत्र आंधळे. आणि दोघांपैकी एकाने जरी ठरलेले मोडले तर दुसऱ्याने ते पाळणेच घातक ठरू शकते.

कुणाचे ऐकायचे?

या दुसऱ्या गोष्टीची चुणूक ३१ जानेवारी २००१ रोजी जपानमध्ये मिळाली. जपान एअरलाइन्सची दोन मोठी विमाने, दोन्हींत मिळून ६७७ माणसे, एकमेकांजवळ आली. एका विमानाला नियंत्रकाने चुकून खाली जायला सांगितले, तर त्याचे यंत्र वर जायला सांगत होते. वैमानिकाने नियंत्रकाचे ऐकले. दुसरे विमानही खालीच येत होते. अगदी थोडक्यात ती एकमेकांना चुकवून गेली. झटक्याने शंभरच्या आसपास माणसे जखमी झाली, पण जीव कुणाचा गेला नाही. जपानने हा प्रश्न आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेपुढे नेला. नियम बदलण्यापूर्वीच पुढचा अपघात झाला.

१ जुलै २००२ची रात्र. जर्मनीतल्या युबरलिंगेन गावावरचे आकाश झ्युरिकचा नियंत्रण कक्ष सांभाळत होता. त्या रात्री तिथे एकच नियंत्रक दोन ठिकाणचे पडदे बघत होता. त्याचा सहकारी विश्रांतीला गेला होता. दुरुस्तीच्या कामासाठी मुख्य फोन बंद होते आणि टकरीचा इशारा देणारी संगणकाची सोयही पूर्ण चालू नव्हती. ३६ हजार फुटांवर दोन विमाने काटकोनात एकमेकांकडे येत होती. एक मालवाहू बोइंग, ज्यात दोन वैमानिक. दुसरे रशियाचे तुपोलेव्ह, ज्यात ६९ माणसे होती आणि त्यांतली ५२ मुले.

नियंत्रकाला उशिरा कळले. त्याने तुपोलेव्हला खाली जायला सांगितले. त्यानंतर बरोबर सात सेकंदांनी दोन्ही यंत्रे बोलली. तुपोलेव्हला म्हणाली वर चढा, बोइंगला म्हणाली खाली जा. बोइंगच्या वैमानिकांनी यंत्राचे ऐकले. तुपोलेव्हचा सहवैमानिक म्हणत होता की यंत्र वर जायला सांगते आहे. पण नियंत्रकाने आदेश पुन्हा दिला आणि विमान खालीच जात राहिले. नियंत्रकाला यंत्राने काय सांगितले ते कळण्याची सोय नव्हती. पहिल्या आदेशापासून ४३ सेकंदांनी ती धडकली. ७१ माणसे गेली.

दीड-पावणेदोन वर्षांनी, फेब्रुवारी २००४ मध्ये, पत्नी आणि दोन्ही मुले गमावलेल्या एका माणसाने त्या नियंत्रकाच्या घरी जाऊन त्याचा खून केला. २००७ मध्ये स्विस न्यायालयाने नियंत्रण कंपनीतल्या चौघांना दोषी ठरवले. एका माणसावर दोन माणसांचे काम टाकणारे, फोन बंद असताना पर्याय न ठेवणारे हात तोवर कुणाला दिसले नव्हते. त्या रात्री पडद्यासमोर बसलेला माणूस तेवढा दिसला होता.

२००३ मध्ये आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट झाला. यंत्राचा आदेश आणि नियंत्रकाचा आदेश वेगळे असतील तर यंत्राचे ऐकायचे. कारण यंत्र नियंत्रकापेक्षा शहाणे आहे असे नव्हे. यंत्राने समोरच्या यंत्राशी बोलून ठरवलेले असते, आणि त्या काही सेकंदांत दोन्ही विमानांना एकाच वेळी माहीत असलेली गोष्ट तेवढीच असते.

जिथे यंत्र गप्प बसते

इथे गोष्ट संपली असती तर बरे होते. पण टीकॅसला एक मर्यादा मुद्दाम घातलेली आहे. जमिनीपासून साधारण एक हजार फुटांच्या खाली ते आदेश देत नाही. खाली जा म्हणायला तिथे जागा नसते, आणि धावपट्टीच्या तोंडाशी विमाने जवळ असायचीच. म्हणजे विमानतळाच्या अगदी उंबरठ्यावर, जिथे सर्वांत जास्त दाटी, तिथे शेवटचा राखणदार झोपी जातो.

२९ जानेवारी २०२५च्या रात्री वॉशिंग्टनच्या रेगन विमानतळावर उतरणारे एक प्रवासी जेट आणि लष्कराचे ब्लॅक हॉक हेलिकॉप्टर पोटोमॅक नदीवर धडकले. ६७ माणसे गेली. हेलिकॉप्टरची नदीवरची वाट २०० फुटांच्या खालून जाण्याची होती. टकरीच्या वेळी ते २७८ फुटांवर होते. जेटमध्ये वीसेक सेकंद आधी ‘ट्रॅफिक, ट्रॅफिक’ झाले, पण पुढचा आदेश येणे शक्यच नव्हते. हेलिकॉप्टरच्या वैमानिकांनी आपल्याला विमान दिसते आहे, आपण बघून दूर राहतो असे कळवले होते. मनोऱ्यात हेलिकॉप्टरांचे आणि विमानांचे काम एकच नियंत्रक बघत होता. सॅन डिएगो आणि युबरलिंगेन, दोन्ही एका रात्रीत पुन्हा घडल्यासारखे.

चौकशीत पुढे आले की नियम तंतोतंत पाळले तरी तिथे हेलिकॉप्टरची वाट आणि उतरणाऱ्या विमानाची वाट यांत कधी कधी उणेपुरे ७५ फूट अंतर राही. ऑक्टोबर २०२१ ते डिसेंबर २०२४ या काळात विमान आणि हेलिकॉप्टर एक सागरी मैलाहून आणि ४०० फुटांहून जवळ आल्याच्या १५,२१४ नोंदी उपलब्ध होत्या. त्या आकड्याकडे कुणी बसून पाहिले नव्हते.

मला हा आकडा सर्वांत जास्त अस्वस्थ करतो. १९९६ साली दिल्लीच्या नियंत्रकाला उंची दिसत नव्हती, कारण यंत्र नव्हते. २०२५ साली सगळे नोंदवलेले होते आणि तरी दिसले नाही.

हे वाचताना मुंबई डोळ्यांपुढे येते. सांताक्रूझच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी बहुधा एकीवरच काम चालते. शेजारीच जुहूचा जुना विमानतळ आहे. तिथून हेलिकॉप्टरे उडतात, समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसांची ने-आण करतात. आता खाडीपलीकडे नवी मुंबईचा विमानतळही सुरू झाला आहे. पुण्याचे लोहगाव हवाई दलाचे आणि गोव्याचे दाबोळी नौदलाचे, तिथे लष्करी आणि नागरी विमाने एकाच धावपट्टीवर. या सगळ्या ठिकाणी वाटा आणि उंच्या आखून दिलेल्या आहेत आणि रोज हजारो माणसे सुखरूप उतरतात. पण अशा ठिकाणी दोन वाटांत कागदावर किती फूट आहेत, जवळ आल्याच्या नोंदी कोण वाचतो, आणि रात्री मनोऱ्यात किती माणसे बसलेली असतात, हे प्रश्न अपघातानंतर विचारायचे नसतात.

मावशी आता नाहीत. आज त्यांनी विचारले असते तर मी सांगितले असते: मावशी, आभाळ मोठे आहे, पण आपण त्यात गल्ल्या पाडल्या आहेत. त्या गल्ल्यांत समोरचा दिसत नाही. तो कुठे आहे हे त्याने सांगायचे, आपण ऐकायचे, आणि दोघांनी आपापल्या उंचीवर राहायचे. एवढ्याच भरवशावर तुमचा मुलगा दर दोन वर्षांनी सुट्टीवर येत होता. त्या संध्याकाळी एकाचा शब्द चुकला, आणि तो चुकला हे कळण्याचा उपाय दुसऱ्या कुणाकडेच नव्हता. आता उपाय बरेच झाले आहेत. ते चालू आहेत ना, एवढे मात्र कुणीतरी रोज बघायला हवे.